परत मागितलेले वडाम

॥ श्री ॥

तंजावूर,
१२ मे

चि. सौ. नंदिता हिला चंद्रमतीचे आशीर्वाद.

इकडे सगळी बरी. तिकडे तुझे आईबाबा बरे असतील. सोलापूरचं ऊन आमच्याहून कडक म्हणतात, असेल. इथं कत्तिरी चालू आहे, उन्हाळ्यातले हे सगळ्यात कडक पंचवीस दिवस, माडीवर अनवाणी पाऊल टाकता येत नाही. विचारपूस झाली. आता कामाचं लिहिते. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला.

मी पाचवीपर्यंत शिकले, तेही तमिळ शाळेत. ही अक्षरं आमच्या बाबांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. ऱ्हस्वदीर्घ बघत बसू नकोस. आणि ‘मज’ लिहिलं की हसायचं नाही. आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांत मज आणि तुज असंच बोलतात, चार वर्षं ऐकलंस. माझ्या लेकाला, साईला, मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तुझ्या मामंजींच्या डोळ्यांना दोन ओळींत पाणी येतं. तेव्हा ह्या घरात हा कागद कोणी वाचणार नाही. बरंच आहे.

मामंजींना घरी आणून दोन आठवडे झाले. ओट्यापर्यंत चालतात. पायांत जोर नाही, पण येईल. डॉक्टरीणबाईंनी यादी दिलीय, हातभर लांब. शहाळं नाही. केळं नाही. टोमॅटो नाही. भाजी उकडून ते पाणी ओतून टाकायचं, मग फोडणी. मीठ दिवसाला एक लहान चमचा, आणि तेही साधं मीठ. मग ह्या दिवसांत माणसानं खायचं काय? उन्हाळ्यात आपल्याकडे जे जे तोंडाला बरं लागतं त्यात एक तर मीठ, नाहीतर तेल, नाहीतर नारळ.

म्हणून तुझी ती निळी वही आठवली. तू घेऊन गेलीस. मी हसायचे त्या वहीला, आणि हसण्यासारखंच होतं. दहीभातात भात सोडून वरी. रामनवमीच्या पानकात गूळ निम्मा आणि सुंठ दुप्पट, देवाला ठसका लागला असेल. आणि तो वाऱ्यावर तळायचा डबा. वाऱ्यावर कोणी तळतं का?

डबा तू इथंच ठेवून गेलीस. परवा त्यात वडाम टाकले, तुम्ही तांदळाचे सांडगे म्हणता ते. आत वारा सुटला, वडाम उडाले आणि वरच्या तारेला जाऊन चिकटले. करपल्याचा वास सगळ्या गल्लीत. मग मी ते ओढून काढले आणि उरलेले निखाऱ्यावर भाजले. फुलले चांगले. भाजलेला वडाम तळलेल्यासारखा लागत नाही, पण वाईट लागत नाही. हे तू म्हणत होतीस, ते खरं निघालं. लिहिलं, झालं.

हे वडाम नवे. तांदळाच्या चिकात मीठ घातलंच नाही. जिरं कुटून, हिरवी मिरची वाटून, लिंबू पिळून. एका उन्हात वाळले. मार्चमधले वडाम आणि ताकातल्या मिरच्या मी टाकून दिल्या. जुन्या झाल्या होत्या.

ताक मात्र जमत नाही. चारपट पाणी, मीठ नाही, भाजलेलं जिरं, आलं, कढीलिंब चुरडून. तुझे मामंजी दोन घोट घेतात आणि भांडं खाली ठेवतात. तुझ्या हातचं तळापर्यंत प्यायचे. तू वेगळं काय घालायचीस ते लिही. काकडीची कोशिंबीर बिनमिठाची असून कशी लागायची तेही लिही. साई म्हणतो फोनमध्ये बघ, सगळं असतं. फोनमधली बाई अर्धा तास हसते आणि मग एक चमचा जिरं घालते. मज वेळ नाही.

गंगावन्सं, म्हणजे तुझ्या आत्याबाई, पापनाशमला बऱ्या आहेत. शुगर आहेच, आता पायही सुजतात. रोज फोन करून भावाची चौकशी करतात. तुझं नाव निघालं की मी विषय बदलते. साई ऑफिसात जातो, येतो, जेवतो, पंख्याकडे बघतो.

त्या दिवशीचं एकदा लिहून टाकते. इस्पितळाच्या बोळात जे झालं ते झालं. वन्सं तोंडानं फटकळ, मनात काही ठेवत नाहीत. साई घाबरला होता, बाप आत नळ्या लावून पडलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात ते बीपीवाल्यांचं हलकं मीठ वापरता का, मूत्रपिंड अशक्त असलेल्यांना ते विष आहे, त्यातल्या पोटॅशियमनं हृदय थांबतं. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. का बघितलं? घरात हलकं-बिलकं खाणं तूच आणलं होतंस म्हणून. दुसरं काही नाही. ‘चुकलं’ एवढं म्हटली असतीस तर तिथंच मिटलं असतं. तू म्हणाली नाहीस.

मीठ कुठून आलं, कोणी आणलं, हे आता उकरून काय मिळणार? माणूस वाचलं ना.

मीही तिथं होते. डोकं ठिकाणावर नव्हतं.

वही पाठव. नाहीतर तूच ये. शाळेची सुट्टी संपायला अजून दिवस आहेत, पण तू शिकवतेस त्या वर्गाची पुस्तकं इथंच पडलीत.

तुझी सासू,
चंद्रमती


॥ श्री ॥

तंजावूर,
२४ मे

चि. सौ. नंदिता,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. त्यावर एक ओळ. ‘आई, भरणीत मीठ कोणी भरलं?’ मी पानंच्या पानं खरडली आणि तुझी एक ओळ. राग आला. कार्ड तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. चार दिवस तांदूळ काढताना ते हाताला लागतंय.

मी भरलं.

वाचलंस ना. मी भरलं. आता कसं ते ऐक, एकदाच लिहीन.

मार्चच्या सुरुवातीला यांचं रक्त तपासलं, तेव्हा मीठ कमी करा म्हणाले. मी कमी केलं. हे ताट सरकवून उठायला लागले. तुझ्या हातचं मात्र खात होते. तू लिंबू पिळायचीस, शेंगदाण्याचं कूट घालायचीस, काय करायचीस देव जाणे. एक दिवस जेवता जेवता मज म्हणाले, ‘पोरीच्या हातच्याला मीठ लागत नाही बघ.’ सेहेचाळीस वर्षं ह्या माणसाला मी जेवायला घातलं. असं एकदाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. कमी मिठाचं मीठ असतं का विचारलं. दुकानदार हसला नाही, पाकीट काढून दिलं. बीपीवाले हेच नेतात म्हणाला. चव मिठाचीच. पाकिटाच्या मागे बारीक इंग्लिश होतं. तुज दाखवलं असतं तर अर्ध्या मिनिटात वाचलं असतंस. पण तुज दाखवायचं म्हणजे, वर्षभर तुझ्या वहीला हसून, शेवटी त्याच वाटेनं आले असं झालं असतं. म्हणून पाकीट फोडून भरणीत ओतलं आणि कागद बंबात घातला. संपलं की पुन्हा आणायचे, पुन्हा बंब.

तू एकदा विचारलं होतंस. आपल्या भरणीत नेहमी खडेमीठ, हे पिठासारखं कसं? मी म्हणाले, दळून आणलं. तू मान हलवलीस.

हलकं मीठ म्हटल्यावर हात कशाला आखडायचा? सढळ घातलं. पचडीत घातलं, ताकात घातलं. वडामाचा चीक त्यातच शिजवला. मिरच्या ताकात भिजवल्या त्यात मूठमूठ. घर म्हणायला लागलं, अम्मानं मीठ कमी केलं तरी चव तशीच. मी म्हणाले, हाताची गोष्ट आहे. वर यांना रोज एक शहाळं, ऊन बाधू नये म्हणून. हे तीनदा म्हणाले जिभेला कडू लागतंय म्हणून. मी म्हणाले, वयानं जीभ कडू होते.

तूही त्याच भरणीतलं मीठ चिमटीनं घेत होतीस. तुझी चिमूट, माझी मूठ.

डॉक्टरीणबाईंनी बोळात विचारलं तेव्हा मी फ्लास्क धरून उभी होते. वन्सं म्हणाल्या, सुनेला विचारा, सगळे नवे प्रकार तीच करते. साईनं तुझा फोन हातातून घेतला आणि काय काय मागवलंस ते बघायला लागला, सगळ्यांसमोर. मी फ्लास्क ह्या हातातून त्या हातात घेतला. बोलले नाही.

तुज वाटत असेल एवढंच. नाही. त्या संध्याकाळी यांचे कपडे आणायला म्हणून मी एकटी रिक्षानं घरी आले. आधी कपडे काढले नाहीत. भरणी मोरीत रिकामी केली, राखेनं घासली, पुसली, खडेमीठ आणून भरलं. आणि दुसऱ्या दिवशी तू साईला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलंस, भरणी बघ म्हणालीस, झाकण काढलंस. आत खडेमीठ. तू भरणीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी पदराला हात पुसत होते.

साई म्हणाला, ‘आता अम्मावर ढकलतेस?’

तू माझं नाव घेतलंच नव्हतंस. तेव्हाही घेतलं नाहीस. बॅग भरलीस.

हे सगळं लिहायला मज कार्डाची गरज नव्हती. बारा तारखेलाही ठाऊकच होतं. आज लिहितेय त्याचं कारण दुसरं आहे.

मार्चमध्ये वडाम आणि मिरच्या तीन घरी वाटल्या होत्या. दोन इथं गल्लीत, तिथं सगळे धडधाकट. तिसरा डबा, सगळ्यात मोठा, वन्संना पापनाशमला. दरवर्षी जातो. बुधवारी त्यांचा फोन आला. सूज गुडघ्यापर्यंत आलीय, त्यांच्या डॉक्टरनं गोळी बदलली, मूत्रपिंड थकलंय म्हणाला. जेवण नको झालंय म्हणाल्या. ‘तुझ्या मिरच्या आहेत म्हणून दोन घास दहीभात जातो.’

काल सकाळच्या बसनं गेले. साईला सांगितलं नाही. बसमध्ये ठरवलं, बुरशी आली म्हणून सांगायचं आणि डबा घेऊन यायचं. दिलेलं खाणं परत मागत नाहीत, आमच्यात तर मेलं तरी मागत नाहीत, पण बुरशी म्हटली की कोण काय म्हणेल?

वन्संनी डबा आणला. झाकण काढून माझ्या नाकाशी धरला. कुठंय बुरशी, दाखव. मी म्हणाले माझ्या डब्यात आली, तुमच्यातही येईल. त्या हसल्या. म्हणाल्या, बुरशी तुज यायचं वय झालं, मिरच्यांचं नाही. आणि उठून, त्या सुजल्या पायांनी, चार मिरच्या तळून आणल्या. ताट वाढलं. दोन माझ्या पानात, दोन त्यांच्या.

मी समोर बसून बघितलं. पहिली त्यांनी देठाला धरून चावली. मज तोंड उघडता आलं नाही. दुसरी खाल्ली. तुझ्याबद्दल बोलत होत्या, बरं झालं गेली म्हणून, माझ्या भावाच्या जिवावर उठली होती म्हणून. मी माझ्या दोन्ही खाल्ल्या, त्यांनी तिसरी घेऊ नये म्हणून. एवढंच केलं. बसनं परत आले.

सगळी रात्र पडून राहिले. फोन वाजला नाही तेवढं बरं.

सल्ला मागत नाही. काय करायचं ते ठाऊक आहे. पाय उठत नाहीत.

चंद्रमती


॥ श्री ॥

तंजावूर,
२८ मे

चि. सौ. नंदिता,

आज कत्तिरी संपली. ऊन तेवढंच आहे.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी आले. साई ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. मी म्हणाले, गाडी काढ, पापनाशमला जायचंय. त्यानं कशाला विचारलं. तिथं सांगते म्हणाले. वाटेत अय्यमपेट्टैपाशी पुन्हा विचारलं, मी खिडकीबाहेर बघितलं. गाडीत सांगितलं असतं तर त्यानं मज वळवून घरी आणलं असतं. मुलं तशीच असतात. आई वाईट दिसायला नको म्हणून बायको वाईट दिसली तरी चालते.

वन्सं दारातच होत्या. काल आलीस आज पुन्हा, म्हणाल्या, बुरशी इथवर पोचली का? मी बसले नाही. बसले असते तर कॉफी आली असती, आणि कॉफी आली की बोलणं राहतं. उभ्यानंच सांगितलं. पाकीट, भरणी, बंब, सगळं. मोरीत ओतलेलं सांगितलं. खडेमीठ सांगितलं. वडाम आणि मिरच्या त्याच मिठाच्या आहेत, त्यांना हात लावू नका, आजच रक्त तपासा, हेही सांगितलं. तमिळमध्ये सांगितलं. मराठीत रडू आलं असतं.

साई भिंतीला टेकला. मग म्हणाला, ‘मी तिचा फोन तपासला, अम्मा. सगळ्यांसमोर.’ मज काही म्हणाला नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

वन्सं खाली बसल्या. आधी पायांकडे बघितलं, मग डब्याकडे. शिव्या देतील असं वाटलं, मी तयार होते. त्यांनी साईला पाणी आणायला आत पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, मिरच्या टाकते, रक्त तपासते, कुणाला काही सांगायची गरज नाही. ह्या वयात तुझं तोंड काळं व्हायला नको. पोर तर गेलीच आहे, गेलेलीवरच राहू दे. साईला मी समजावते.

नंदिता, खरं लिहिते. क्षणभर बरं वाटलं. थंड पाणी अंगावर घेतल्यासारखं.

मी म्हणाले, ‘वन्सं, काल तुम्ही मिरची खात होता आणि मी बघत होते. हे मीच केलं. तिनं केलं असतं का?’

त्यांनी डबा उचलून माझ्या पायाशी ठेवला. साईनं त्यांना तिथनंच दवाखान्यात नेलं. पोटॅशियम वाढलेलं निघालं. फार नाही, पण वाढलेलं. आणखी दोन आठवडे खाल्लं असतं तर मामंजींसारखं झालं असतं, तिथले डॉक्टर म्हणाले. औषध दिलं. सोमवारी पुन्हा तपासलं, उतरलंय. सूज आहे अजून.

घरी येऊन यांना सांगितलं. यांनी डोळे मिटले. मज वाटलं झोपले. मग म्हणाले, ‘मी तीनदा सांगितलं, कडू लागतंय म्हणून.’ मी म्हणाले होय. चुकून झालं, मज काय ठाऊक. तर म्हणाले, ‘मीठ घातलंस ते चुकून. गप्प बसलीस तेही चुकून का?’

मी त्यांचं रिकामं भांडं उचलून मोरीत नेलं.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताक मात्र साईकडून मागून घेतात. साई करतो. तुझी पद्धत त्याला ठाऊक होती, मी विचारलंच नव्हतं. ताक घुसळून लोणी काढायचं, पाणी घालायचं, आणि आंब्याच्या आल्याचा, म्हणजे तुमच्या आंबेहळदीचा, किस पिळून फक्त रस. कोशिंबिरीत काकडी बिया काढून, वर भाजलेल्या मोहरीची पूड. एवढंच. एवढं सोपं मज कसं सुचलं नाही कोण जाणे. मी ते बघून घेतलंय, आता मीही करते. हे पितात. कोणी केलंय ते विचारत नाहीत.

मग गल्लीतली दोन घरं. दिलेले वडाम परत मागायला मी दारात उभी. पहिल्या घरी हरितानं, ती नाही का, आपल्या समोरच्या ओळीतली, तिनं आधी मस्करी केली, अम्मा, तेलाचे पैसेही परत हवेत का म्हणून. मग ऐकत गेली तशी तिचं हसणं गेलं. आत जाऊन डबा आणला, तळाशी दहा-बारा वडाम. तिची सासू मधल्या दारात येऊन उभी राहिली आणि पूर्ण ऐकलं. म्हणाली, म्हणजे तुमच्या सुनेनं नाही? मी म्हणाले नाही. ती म्हणाली, मी तर देवळात चार जणींना सांगितलं. मी म्हणाले, त्या चौघींना आता हे सांगा. सांगेल. चांगलं सांगेल, तिखटमीठ लावून सांगेल. दुसऱ्या घरी वडाम संपले होते. तिथंही सांगितलं. संपले होते म्हणून गप्प परत येता आलं असतं. आले नाही.

आता मी रस्त्यानं गेले की बायका बोलायच्या थांबतात. थांबू देत. मी भाजी घेऊन येते.

साई शुक्रवारच्या गाडीनं सोलापूरला निघतोय. तू काय म्हणावं, त्यानं काय म्हणावं, ह्यात मी पडत नाही. त्यानं मज विचारलं, अम्मा, तू मराठीत दोन ओळी लिहून दे, मी तिला देतो. मी नाही म्हणाले. फोन त्यानं तपासला, तोंडही त्यानंच उघडावं. तू दार उघड, नाहीतर उघडू नकोस. ये म्हणून मी लिहीत नाही. ते लिहायचा हक्क मज राहिला नाही. तुझी पुस्तकं साईबरोबर पाठवतेय. शाळा इथली का तिथली, ते तू ठरव.

एक घर राहिलं.

तू बॅग भरलीस त्याच दिवशी वन्संनी तुझ्या आईला फोन केला होता. तुमच्या मुलीनं सासऱ्याला मरणाच्या दारात नेलं म्हणून. वन्संनी स्वतः मज सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं. तुझ्या आईनं महिनाभर ते उरावर घेतलंय. तुझ्याशी त्या कशा वागत असतील, मज ठाऊक नाही. त्यांना फोन करायला घेतला होता. पण माझं बोलणं त्यांना अर्धं कळतं, आणि तोंडानं मीही अर्धंच सांगेन. म्हणून कागद.

हा कागद आणि मागचा, दोन्ही, आईबाबांना समोर बसवून मोठ्यानं वाच. भरणी मोरीत ओतलेली ओळ गाळू नकोस. माझं वय, माझी शाळा, माझी घाबरगुंडी, ह्यातलं काही पुढे करून मज सांभाळून घेऊ नकोस. तुज ती सवय आहे.

वाचून झालं की ही खालची ओळ तुझ्या आईच्या हातात दे, त्यांना स्वतः वाचू दे.

विहीणबाई, तुमच्या मुलीनं काही केलं नाही. मीठ मी भरलं, आणि भरणी मी धुतली.

चंद्रमती